पिशवीतला आकडा

सकाळी सहाला सिस्टर यायच्या. पलंगाच्या कडेला लटकलेली पिशवी उचलून डोळ्यांसमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "लिही गं, एकशे चाळीस." मी वहीत लिहायचे. तारीख, वेळ, मिली, रंग. मग फोन उघडला की घरच्या ग्रुपवर दुसरा आकडा आलेला असायचा. राजाराम बंधारा, इतके फूट, इतके इंच.

जुलै महिना होता आणि आम्ही कोल्हापूरचे. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी बघितल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या आठवड्यात माझ्याकडं पाण्याचे दोन आकडे होते, एक नदीचा आणि एक आईच्या पोटातला. दोन्ही उतरावेत म्हणून मी देवाला हात जोडत होते.

आई एकसष्ट वर्षांची. चार दिवस पोट दुखत होतं, ते तिनं ओवा, हिंग आणि "गॅस धरला असंल" यावर काढलं. पाचव्या दिवशी ताप भरला आणि पोट फळीसारखं कडक झालं. अपेंडिक्स फुटला होता. दुर्बिणीनं होईल असं आधी वाटलं, पण पू पोटभर पसरला होता, म्हणून बेंबीच्या वर-खाली मोठा छेद घ्यावा लागला. ऑपरेशन झाल्यावर सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "सगळं धुऊन काढलंय. एक नळी ठेवलीय. रोज किती येतंय ते लिहून ठेवा."

ती नळी म्हणजे ड्रेन. बोटाएवढी जाड, आतल्या टोकाला भोकं असलेली, उजव्या बाजूनं कातडीतून बाहेर आलेली, एका टाक्यानं बांधलेली आणि खाली पिशवीला जोडलेली. भेटायला आलेला प्रत्येक जण आधी पिशवीकडं बघायचा, मग आईकडं. आत्या म्हणाली, "निघंल तेवढं निघू दे. घाण भाईर गेलेली बरी." मामी म्हणाली, "एवढं पाणी जातंय, अंगात काय ऱ्हाईल?" मला दोघींचंही पटायचं, आणि त्यामुळं झोप यायची नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. एखाद्या गोष्टीची भीती वाटली की तिचा इतिहास शोधायचा, ही माझी जुनी सवय. वॉर्डातल्या बाकावर बसून, फोनचा उजेड कमी करून, मी त्या नळीचा इतिहास वाचायला लागले. तो असा निघेल असं वाटलं नव्हतं.

*

पोटातलं पाणी नळीनं काढणं आपल्याकडं फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जलोदराच्या रोग्याचं पाणी कसं काढायचं ते सांगितलंय. बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला, मधल्या लवेच्या रेषेपासून चार बोटं सोडून व्रीहिमुख नावाच्या शस्त्रानं वेध घ्यायचा. त्यात कथलासारख्या धातूची दोन्हीकडून उघडी नळी किंवा पिसाची पोकळ दांडी बसवायची. त्या वेळी रोग्याला त्याच्या आप्तांनी नीट धरून ठेवायचं. हे वाचताना मी बाकावर सरळ होऊन बसले. एवढ्या जुन्या ग्रंथातही नातेवाईकाला काम दिलेलं होतं.

त्याच्या पुढची सूचना जास्त महत्त्वाची आहे. सगळं पाणी एका दिवसात काढायचं नाही. एकदम काढलं तर तहान, ताप, अंगदुखी, धाप असे त्रास होतात. काही दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं काढायचं आणि काढल्यावर पोट लोकरी किंवा रेशमी कापडानं घट्ट बांधायचं. आजही जलोदराच्या रोग्याचं एका वेळी पाच लिटरहून जास्त पाणी काढलं तर डॉक्टर शिरेतून अल्ब्युमिन देतात, कारण झटक्यात पाणी गेलं की रक्तदाब आणि मूत्रपिंडं कोलमडू शकतात. बाहेर काढण्याइतकंच किती आणि कधी काढायचं याला महत्त्व आहे, हे ज्यानं कुणी लिहून ठेवलं त्यानं रोगी जवळून पाहिले असणार.

युरोपात पुवाबद्दल उलटीच समजूत रुजली. रोमन काळातल्या गेलनच्या नावावर चालत आलेली ही समजूत सांगायची की दाट, पांढरा पू म्हणजे जखम बरी होत असल्याची खूण. असा पू चांगला, स्तुती करण्याजोगा! शतकानुशतकं ती टिकली. आमच्या आत्याला गेलन माहीत नाही, पण "घाण भाईर गेलेली बरी" यात तीच समजूत बसलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. रबर टिकाऊ करण्याची रीत १८४० च्या दशकात बाजारात आली आणि मऊ, वाकणारी, स्वस्त नळी हाताशी आली. पॅरिसच्या एदुआर शासेन्याक या सर्जननं भोकं पाडलेल्या रबरी नळ्या जखमांमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि १८५९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ड्रेन हा शब्द शेतातला आहे. पाणथळ रानातलं पाणी काढायला आपण चर मारतो, तसाच चर अंगात मारायचा.

मग राणीची गोष्ट येते. सप्टेंबर १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडमधल्या बालमोरल इथं होती आणि तिच्या डाव्या काखेत मोठं गळू झालं होतं. एडिंबरोहून जोसेफ लिस्टरला बोलावलं गेलं. जंतू मारायला कार्बोलिक आम्ल वापरणारा तो हाच लिस्टर. त्यानं गळू फोडलं, आत कापडाची पट्टी ठेवली, पण दुसऱ्या दिवशी बघतो तर निचरा नीट होत नव्हता. तेव्हा कार्बोलिक फवारायच्या यंत्राची रबरी नळी त्यानं कापली, रात्रभर त्याच आम्लात बुडवून ठेवली आणि सकाळी राणीच्या काखेत बसवली. पुढच्या दिवसापासून पू जवळजवळ थांबला. फवाऱ्याच्या यंत्रातून कापलेल्या त्या तुकड्यानं या नळीला प्रतिष्ठा मिळवून दिली.

*

राणीनंतर तिचा मुलगा. ही गोष्ट वाचताना मला कळलं की आईला झालेला आजार एका बादशहालाही झाला होता, आणि त्यात कोल्हापूरही आहे.

सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. देशोदेशीचे राजे लंडनला जमले होते. कोल्हापूरहून शाहू महाराजही गेले होते. समारंभाच्या दोन दिवस आधी, २४ जूनला, बकिंगहॅम राजवाड्यातच एका खोलीत राजाचं ऑपरेशन करावं लागलं. सर्जन होता फ्रेडरिक ट्रीव्हज. अपेंडिक्सच्या आजारावर इंग्लंडमध्ये त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. तरी दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, त्याची स्वतःची तरुण मुलगी हेटी याच आजारानं गेली होती. राजाच्या पोटाला हात लावताना त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा मी बराच वेळ विचार केला.

ट्रीव्हजनं राजाचा अपेंडिक्स काढलाच नाही. पोटात पुवाचा गोळा होता. तो उघडला, पू वाहून जाऊ दिला आणि रबरी नळ्या ठेवून दिल्या. राजा जगला. जुलैच्या मध्यात तो हवापालटाला जहाजावर गेला आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. त्या मधल्या काळात, २६ जुलै १९०२ ला, इकडं करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये मागासवर्गांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवण्याचा शाहू महाराजांचा हुकूम निघाला. महाराज तेव्हा विलायतेतच होते. आमच्याकडं ती तारीख सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मागच्या पडद्यावर एक दुखरं पोट आणि दोन-चार नळ्या आहेत, हे मात्र मला त्या रात्री कळलं.

आणखी एक. कोल्हापूरच्या ज्या सरकारी दवाखान्याला आम्ही सीपीआर म्हणतो, त्याचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. हा एडवर्ड म्हणजे तोच, तेव्हा राजपुत्र असलेला. आई दुसऱ्या दवाखान्यात होती, पण डबा आणायला जाताना मी रोज त्या दगडी इमारतीवरून जायचे. आता तिच्याकडं बघताना पोटावर हात धरून बसलेला एक जाडजूड माणूस दिसायला लागला.

*

राजा नळीमुळं वाचला, असं म्हणता येईल का? इथून पुढं हा इतिहास भांडणाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोट उघडण्याची ऑपरेशनं वाढली आणि सर्जनचे दोन पंथ पडले. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेटच्या नावावर एक सल्ला प्रसिद्ध आहे, की शंका आली तर नळी घाला. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स पेनरोजनं १८९० साली निरोधचं टोक कापून त्यात जाळीच्या कापडाची वात भरली आणि तिचा ड्रेन केला. पातळ, चपटी रबरी पेनरोज नळी आजही वापरात आहे. पण दुसरा पंथ विचारायचा, की तुम्ही घाण बाहेर काढताय की बाहेरची आत न्यायला वाट करून देताय?

१९०५ साली जॉन येट्स या अमेरिकन सर्जननं प्राण्यांवर प्रयोग करून पाहिलं की पोटात ठेवलेल्या नळीचं पुढं काय होतं. उत्तर दोन्ही पंथांना विचारात पाडणारं होतं. शरीराला नळी म्हणजे परकी वस्तू. काही तासांतच आतडी आणि चरबीची चादर तिला चिकटायला लागतात आणि तिच्याभोवती भिंत उभी करतात. मग नळी फक्त त्या भिंतीच्या आतलं पाणी काढते. पोट म्हणजे काही हंडा नाही, की तळाला तोटी लावली की रिकामा होईल. ती घड्याघड्यांची, सारखी हलणारी जागा आहे. अख्ख्या पोटाचा निचरा नळीनं करणं शक्य नाही, असा येट्सचा निष्कर्ष होता.

चरबीच्या त्या चादरीला इंग्रज सर्जन रदरफर्ड मॉरिसननं पोटातला पोलीस म्हटलंय. गडबड होईल तिथं ती जाऊन चिकटते. राजाच्या पोटात पुवाचा गोळा झाला होता, याचा अर्थ त्याच्या शरीरानं आधीच पुवाला कोंडून घातलं होतं. ट्रीव्हजनं त्या कोंडवाड्याचं दार उघडलं. आईच्या पोटात असा कोंडवाडा झाला नाही, पू मोकळा सुटला. म्हणून दोघांचा आजार एक असला तरी नळीचं काम एक नव्हतं.

पोटाला स्वतःचाही निचरा आहे. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात सूक्ष्म तोंडं असतात, तिथून पोटातलं पाणी लसिकेत शोषलं जातं. जर्मनीच्या रेकलिंगहाउझेननं ती १८६३ साली दाखवली. श्वास घेताना पोटातलं पाणी वर, त्या पडद्याकडं खेचलं जातं. चांगल्या पाण्याचं ठीक, पण पुवाचं काय? ब्रुकलिनच्या जॉर्ज फाउलरनं १९०० साली सुचवलं की पुवानं भरलेल्या पोटाच्या रोग्याला आडवं ठेवू नका. पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, म्हणजे पू ओटीपोटाकडं उतरेल. सिस्टर पलंगाचा दांडा फिरवून आईला अर्धवट बसती करायच्या, त्या स्थितीला दवाखान्यात अजून फाउलर पोझिशन म्हणतात.

*

चौथ्या दिवशी सकाळी पिशवीत काहीच नव्हतं.

मी वहीत मोठं शून्य काढलं आणि पुण्याला भावाला मेसेज टाकला, "झिरो आलं, सुटलो." आईनं हसून विचारलं, "मग आता ही शेपूट काढत्यात काय?" बाहेर पंचगंगा चढतच होती, पण निदान एक आकडा उतरला म्हणून मी खाली जाऊन दोन दिवसांत पहिल्यांदा निवांत चहा घेतला.

संध्याकाळी आईला ताप आला. पोट दाटल्यासारखं वाटतंय म्हणाली. रात्रपाळीच्या सिस्टरनं वही बघितली, माझं शून्य बघितलं आणि पिशवीला हात न लावता पांघरूण बाजूला केलं. पहाटे मी आईची कूस बदलायला मदत केली होती. तेव्हा नळी पलंगाच्या कठड्यात अडकून मुडपली होती. सिस्टरनं ती सोडवली, सरळ केली. एका मिनिटात पिवळसर पाणी सरकायला लागलं. तासाभरात १६० मिली.

सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळ, पिशवीत शून्य म्हणजे पोटात शून्य असं नसतंय."

मला ते वाक्य अजून सोडत नाही. बंधाऱ्यावरची पातळी ही फक्त बंधाऱ्यावरची असते. शिंगणापूरच्या रानात, शाहूपुरीच्या तळघरात किती पाणी आहे ते तिच्यावरून नेमकं कळत नाही. २०१९ ला आम्ही ते पाहिलंय. येट्सनं १९०५ मध्ये हेच सांगितलं होतं आणि मी आदल्या रात्रीच ते वाचलं होतं. वाचलेलं कळायला मुडपलेली नळी लागली.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर्जननी वही हातात घेतली, पण आधी आईला प्रश्न विचारले. गॅस पास झाला का? उलटी? नाडी बघितली, पोटाला हात लावून मऊ आहे का ते बघितलं. मग मला म्हणाले, "आकड्याबरोबर रंग बघत जा. लाल, मग गुलाबी, मग पिवळं आणि पातळ होत गेलं की बरं. अचानक लाल झालं, गढूळ झालं, हिरवं झालं किंवा वास आला, तर लगेच हाक मारायची. मग ते वीस मिली असलं तरी."

*

पाणी किती येणार हे कशावर ठरतं, हा मामीचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी जे सांगितलं आणि मी पुढं वाचलं ते असं.

पहिलं, आत किती जागा सोलवटली गेली आणि किती पू होता. सुजलेलं अस्तर पाझरतं, गुडघा खरचटल्यावर पाझरतो तसं. दुसरं, रक्तातली प्रथिनं. १८९६ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगनं मांडलं की केशवाहिनीत दोन ओढी चालू असतात. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत धरून ठेवतात. अल्ब्युमिन कमी झालं की धरून ठेवणारा हात ढिला पडतो. पाणी पाझरतं, सूज उतरत नाही, टाके जुळायला वेळ लागतो. आईचं अल्ब्युमिन २.६ होतं. ते साडेतीनच्या वर हवं.

तिसरं, कातडीखालची चरबी. तिचा थर जाड असेल तर टाक्यांखाली पोकळी राहते, तिथं पाणी साठतं आणि मग टाक्यांतून ओघळतं. लोक म्हणतात, जखमेला पाणी सुटलं. साखर वाढलेली असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. आणि तंबाखू. सर्जननी आईला विचारलं, "मिश्री लावता का?" आई माझ्याकडं बघायला लागली. चाळीस वर्षांची सवय. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेला मिळणारं रक्त कमी होतं. मिश्रीची डबी मी त्याच दिवशी पर्समध्ये टाकली. ती मागायची, मी ऐकू न आल्यासारखं करायचे.

सगळ्यात अवघड होतं ते मामीचं पथ्य. भात नको, डाळ नको, अंडं तर नकोच, टाक्यात पू होतो. हे पथ्य घराघरात आहे आणि ते मायेनं सांगितलं जातं. पण भातानं पू होत नाही, पू जंतूंनी होतो. आणि डाळ-अंडं बंद करणं म्हणजे जखम भरायला लागणारं सामानच बंद करणं. गॅस सरल्यावर खायची परवानगी मिळाली, तेव्हा मी मामीशी वाद घातला नाही. मऊ भात-वरण आणि उकडलेलं अंडं सर्जनच्या नावावर खपवलं. "साहेबांनी सांगितलंय," म्हटल्यावर मामी गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दोन अंडी उकडून घेऊन आली.

*

आई उठायला तयार नव्हती. "नळी निसटंल. मी पडूनच बरी." मलाही तेच सुरक्षित वाटत होतं.

पडून राहण्यालाही इतिहास आहे. १८०९ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या केंटकी इथं इफ्राइम मॅकडॉवेल या गावाकडच्या डॉक्टरनं जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून अंडाशयाची साडेबावीस पौंडांची गाठ काढली. भूल नाही, जंतूंचं ज्ञान नाही. आत बांधलेल्या दोऱ्याची टोकं त्यानं जखमेतून बाहेर लोंबती ठेवली होती, तोच काय तो ड्रेन. पाचव्या दिवशी तो बघायला गेला तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होत्या. पंचविसाव्या दिवशी त्या घरी गेल्या आणि पुढं कित्येक वर्षं जगल्या.

डॉक्टर लोक मात्र पुढची शंभर-सव्वाशे वर्षं पोटाच्या रोग्यांना दोन-दोन, तीन-तीन आठवडे झोपवून ठेवत राहिले. टाके उसवतील ही भीती. शिकागोच्या एमिल रीसनं १८९९ साली सांगून पाहिलं की मी बायकांना एक-दोन दिवसांत उठवतो आणि त्या लवकर बऱ्या होतात. फार कुणी ऐकलं नाही. १९४० च्या दशकात डेट्रॉइटच्या डॅनियल लाइथॉउझरनं हेच पुन्हा लावून धरलं, आणि दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका कमी पडायला लागल्यावर ते पटायला लागलं. पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी होतात, फुप्फुसं तळाला मिटतात, आतडी सुस्त राहतात. १९९० च्या दशकात कोपनहेगनच्या हेन्रिक केहलेटनं सगळं एकत्र जुळवलं. वेदना नीट कमी करा, लवकर खायला द्या, लवकर चालवा आणि नळ्या कमीत कमी ठेवा. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेले त्याचे रोगी दोन-तीन दिवसांत घरी जायला लागले.

नळ्या कमीत कमी का, हे मला आईकडं बघूनच कळत होतं. नळी म्हणजे खुंट्याला बांधलेला दावा. ती आहे म्हणून माणूस हलत नाही, आणि हलत नाही म्हणून बरं व्हायला उशीर होतो. शेवटी मावशींनी युक्ती काढली. पिशवी एका कापडी झोळीत घातली, झोळी आईच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाल्या, "चला, बाजारला निघाल्यागत चला." आई कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली. खिडकीतून पाऊस बघितला. परत येताना म्हणाली, "पाणी लई वाढलंय काय गं?" मला वाटलं पिशवीतलं विचारतेय. ती नदीचं विचारत होती.

त्याच संध्याकाळी तिला गॅस सरला. खोलीतल्या चारही पेशंटच्या नातेवाइकांनी तिचं अभिनंदन केलं.

*

मग नळी ठेवावी की नाही? या शतकात सर्जननी हा प्रश्न मताचा न ठेवता मोजमापाचा केला. २००४ साली झुरिकच्या गटानं तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. यकृत, मोठं आतडं आणि अपेंडिक्स, अगदी फुटलेला अपेंडिक्स धरून, नेहमी नळी ठेवण्यानं फायदा दिसला नाही. अन्ननलिका काढल्यावर किंवा पूर्ण जठर काढल्यावर मात्र ठेवावी असं ते म्हणाले. नळी नकोच, असं मानणाऱ्यांना २०१४ मध्ये धक्का बसला. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण नळी नसलेल्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले होते. आणि इटलीच्या व्हेरोनामध्ये २०१० साली दिसलं की त्याच ऑपरेशननंतर पाण्यात स्वादुपिंडाचा रस गळत नसेल, तर तिसऱ्या दिवशी नळी काढलेले रोगी ती जास्त दिवस ठेवलेल्यांपेक्षा बरे राहतात.

म्हणजे उत्तर अवयवागणिक वेगळं आहे आणि पाणी किती यापेक्षा पाण्यात काय, हे पाहणं बऱ्याचदा जास्त उपयोगाचं आहे.

हे सगळं वाचून मी सर्जनना विचारलंच. फुटलेल्या अपेंडिक्सला नळीचा फायदा दिसत नाही म्हणतात, मग तुम्ही का ठेवली? ते चिडतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण त्या रात्री आतडं इतकं सुजलं होतं की बुंध्याचा टाका धरेल की नाही, मला खात्री नव्हती. सुटला असता तर मला लवकर कळायला हवं होतं. काही नळ्या पेशंटसाठी असतात, काही सर्जनच्या झोपेसाठी. ही थोडी दोन्हीसाठी होती."

शंका आली तर नळी घाला. दीडशे वर्षांच्या भांडणाच्या तळाशी शेवटी शंकाच आहे. मला ते ऐकून उलट धीर आला. आपल्याला खात्री नाही हे जो माणूस सांगू शकतो, तो राउंडला येऊन पोटाला हात लावून बघेल, नुसती वही बघून निघून जाणार नाही.

सातव्या दिवशी वीस मिली आलं, पातळ आणि पिवळं. टाका कापला, सर्जन आईला म्हणाले, "मोठा श्वास घ्या आणि सोडा." तिनं सोडला आणि नळी बाहेर आली. सगळं मिळून पाच सेकंद. त्या भोकावर नुसतं ड्रेसिंग लावलं, टाका नाही. आतून आपोआप भरतं ते. दोन दिवसांत भरलंही. त्याच आठवड्यात पंचगंगा इशारा पातळीच्या खाली उतरली.

आता आईच्या पोटावर मधोमध लांब व्रण आहे आणि उजव्या बाजूला एक छोटा गोल डाग, देवीच्या टोचणीसारखा. मिश्री सुटलीय असं ती सांगते. वही तिनं मागून घेतली. मागच्या कोऱ्या पानांवर ती दुधाचा हिशोब लिहिते, तारीख आणि लिटर. माझं मोठं शून्य पुढच्या पानांवर आहे. ते मी खोडलेलं नाही.